अंगावरचं दूध की बाटली? तीन आठवड्यांचं बाळ आहे, प्लीज सांगा

नवीआई
नमस्कार सगळ्यांना. मुलगी तीन आठवड्यांची झाली, नॉर्मल डिलिव्हरी, पूर्ण दिवसांची. सध्या फक्त अंगावरच पाजतेय. पण मला सारखं वाटतंय की तिला पुरत नाहीये. दिवसभर बरं चालतं, दोन-अडीच तासांनी पिते, झोपते, पण संध्याकाळ झाली की जे सुरू होतं ते रात्री अकरापर्यंत, पिते, सोडते, रडते, परत तोंडात घेते, अर्धा तास जात नाही तोवर परत हवंच. सुरुवातीला छाती भरून कडक व्हायची ती पण आता मऊ पडलीये. पंप आणून काढून बघितलं तर दोन्हीकडचं मिळून जेमतेम ३० मिली निघालं, त्या दिवशी मी खूप रडले.

सासूबाई म्हणतात दूध आटलंय, वरचं चालू कर, बाळाला उपाशी ठेवू नकोस. आई म्हणते बाटली अजिबात लावू नको, एकदा लावली की अंगावर पिणारच नाही. नवरा म्हणतो तू ठरवशील ते. आणि डावीकडे भेग पडलीये, पाजायची वेळ आली की मी आधीच धसका घेते.

जन्माचं वजन २.९ किलो, घरी आलो तेव्हा २.७, परवा केलं तर ३.१. तीन महिन्यांची झाली की ऑफिस जॉइन करायचंय. बाटली सुरू करू का? केली तर पूर्णच करायची का, की दोन्ही चालतं? रात्रीची एक बाटली नवऱ्याने दिली तर मी सलग चार तास झोपेन असं मनात येतं आणि लगेच अपराधी वाटतं.

दोनपिल्लांची_माय
अगं सगळ्यात आधी ते वजन परत वाच. २.७ चं ३.१ म्हणजे घरी आल्यापासून ४०० ग्रॅम वाढली पोर! पहिल्या दिवसांत वजन थोडं उतरतंच, जन्माच्या वजनाच्या ७ ते १० टक्क्यांपर्यंत उतरू शकतं आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येतं. पुढे दिवसाला २०-३० ग्रॅम वाढ झाली की डॉक्टर खुश असतात, तुझी त्यात अगदी व्यवस्थित बसतेय. आटलेल्या दुधावर बाळ असं वाढत नाही.

दिवसात शू किती वेळा होते ते सांग. पहिल्या आठवड्यानंतर २४ तासांत सहा किंवा जास्त ओल्या लंगोट्या/डायपर, शू फिकट रंगाची, आणि या वयात पिवळी पातळसर शी दिवसातून तीन-चार वेळा तरी. हे होत असेल तर आत दूध जातंय. बाळाचं रडणं हा दूध कमी असल्याचा पुरावा नाही, ती सुस्त पडून राहिली, प्यायला उठेना, शू गडद किंवा अगदी कमी झाली, तोंड कोरडं दिसलं तर मात्र वाट न बघता डॉक्टरकडे.

आणि ते संध्याकाळचं. माझ्या दोघांनीही केलं. तीन आठवडे, सहा आठवडे, मग तीन महिन्यांच्या आसपास अचानक भूक वाढते, बाळं सारखी सारखी मागतात, ते मागणं म्हणजेच उद्याच्या दुधाची ऑर्डर असते. नेमकं त्याच दिवसांत घरातले म्हणतात की पुरत नाहीये, आणि आपल्यालाही ते खरं वाटतं कारण आपण थकलेलो असतो.

वॉर्डातली_ताई
मी नर्स आहे, बाळंतिणींना पाजायला शिकवणं हेच रोजचं काम, म्हणून जरा लांबलचक लिहितेय.

पंपाने किती निघालं यावरून दूध किती आहे हे कळत नाही. बाळ जीभ आणि जबडा वापरून ओढतं, पान्हा फुटतो तो बाळाच्या स्पर्शाने, मशीनला तेवढा फुटेलच असं नाही. शिवाय तू बहुतेक तिचं पिऊन झाल्यावर किंवा मधल्या वेळात काढलंस, तेव्हा ३० मिली अजिबात वाईट नाही. छाती मऊ पडणं पण नॉर्मल, शरीराला अंदाज आला की गरज किती, म्हणून उगाच भरून येत नाही.

दूध बनतं मागणीवर. बाळ ओढतं तेव्हा प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन वाढतं, त्याने दूध तयार होतं, आणि ऑक्सिटोसिन या दुसऱ्या हार्मोनमुळे ते खाली उतरतं. रात्री प्रोलॅक्टिन जास्त असतं म्हणून रात्रीचं पाजणं सुरुवातीच्या आठवड्यांत मोलाचं. उलट दूध आतच साठून राहिलं तर शरीर बनवणं कमी करतं. म्हणूनच "पुरत नाही" म्हणून वरचं दिलं, बाळ पोटभर झोपलं, अंगावर कमी प्यायलं, की खरोखर कमी होत जातं. तुझ्या आईची भीती अगदी निराधार नाही, फक्त कारण बाटली नाही, कमी झालेलं ओढणं हे आहे.

आता भेग. हे मला वजनापेक्षा महत्त्वाचं वाटतंय. सुरुवातीला क्षणभर ताण जाणवतो, पण डोळ्यात पाणी येईल इतकं दुखणं म्हणजे पकड चुकतेय. बाळाला पूर्ण आपल्याकडे वळव, पोटाला पोट, मान वळलेली नको, नाक स्तनाग्रासमोर. वरच्या ओठाला स्तनाग्र लाव, जांभईएवढं मोठं तोंड उघडेपर्यंत थांब आणि मग बाळाला जवळ आण, आपण वाकायचं नाही. नुसतं टोक नाही तर भोवतालचा काळसर भागही तोंडात, खालच्या बाजूने जास्त. हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर उलटलेला, गिळण्याचा आवाज. दुखलं तर करंगळी ओठाच्या कोपऱ्यातून घालून सोडव आणि परत लाव, दात आवळून सहन करू नकोस. दोन दिवसांत फरक पडला नाही तर स्तनपान सल्लागाराकडून प्रत्यक्ष बघून घे, जिभेखालचा पडदा आखूड असेल तर तेही कळेल. ताप आला किंवा छातीचा एखादा भाग लाल, गरम, दुखरा झाला तर लगेच डॉक्टर, आणि पाजणं बंद करायचं नाही.

दोन्ही चालतं का, तर हो चालतं. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे की जन्मानंतर पहिल्या तासात सुरुवात, ६ महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही, आणि मग वरच्या अन्नाबरोबर २ वर्षं किंवा पुढेही. माझंही मत तेच, जमत असेल तर हेच करावं. पण अर्धं अंगावरचं हे शून्यापेक्षा कितीतरी जास्त आहे, त्यातली संरक्षक द्रव्यं थोड्या दुधातूनही मिळतात.

सुमेधा_र
मी स्पष्ट लिहिते, राग मानू नका. आईच्या दुधाला पर्याय नाही. जुलाब, कानाचं इन्फेक्शन, छातीचं इन्फेक्शन कमी होतं, आईलाही स्तनाच्या आणि बीजकोशाच्या कॅन्सरचा धोका कमी होतो. वजन छान वाढतंय तर बाटलीचा विषयच का काढायचा? थोडी कळ काढली तर सगळ्यांना जमतं.

शांतझोप
सुमेधा, फायदे खरे आहेत पण "सगळ्यांना जमतं" हे खरं नाही गं. माझं आधी स्तनाचं ऑपरेशन झालेलं, दूधवाहिन्या कापल्या गेल्या होत्या. मी बाळ जन्मल्यापासून अंगावर लावत होते, वजन उतरतच गेलं. थायरॉइडमुळे, वारेचा तुकडा आत राहिल्यामुळे, किंवा मुळात ग्रंथी कमी असल्यामुळेही दूध कमी येतं, त्यात कळ काढून काही होत नाही. असं वाक्य ऐकून मी कित्येक दिवस कोणासमोर बाटली काढायचे नाही. माझं बाळ फॉर्म्युलावर, म्हणजे डब्यातल्या पावडरच्या दुधावर वाढलं, छान आहे, मांडीवर घेऊन डोळ्यात बघतच प्यायलं.

नवीआई, तुला गरज लागेल न लागेल, पण फॉर्म्युला द्यायची वेळ आली तर नीट दे, कारण खरी गडबड तिथे होते. पावडर निर्जंतुक नसते. म्हणून पाणी उकळून, किमान ७० अंश गरम असताना (उकळल्यावर अर्ध्या तासाच्या आत) त्यात पावडर घालायची आणि मग बाटली बाहेरून गार पाण्याखाली धरून कोमट करायची, मनगटावर थेंब टाकून बघायचं. आधी पाणी, मग पावडर, डब्यातल्याच चमच्याने सपाट मापून. पुरवायचं म्हणून पाणी वाढवायचं नाही, बाळ पोट भरल्यासारखं दिसतं पण उपाशी राहतं आणि रक्तातलं सोडियम उतरून फिट येऊ शकते. घट्ट पण करायचं नाही. केलेलं दूध दोन तासांत द्यायचं, बाळाने तोंड लावलेलं तासाभरात संपलं नाही तर फेकून द्यायचं, जीव तुटतो पण फेकायचं. बाटली, निप्पल, झाकण सगळं सुटं करून धुवून उकळायचं. बाटली उशीला टेकवून बाळाला एकटं पाजायचं नाही, घशात जातं. आणि साधं जनावराचं दूध वर्षाच्या आत मुख्य दूध म्हणून नाही, त्यात प्रोटीन आणि क्षार बाळाच्या मूत्रपिंडाला जड, लोह अगदी कमी.

सुमेधा_र
शांतझोप, ऑपरेशनचं मला माहीत नव्हतं. त्रास झाला असेल तर मनापासून सॉरी. "सगळ्यांना जमतं" मागे घेते. बाकी नवीआईच्या बाबतीत मत कायम, तिला दूध आहे.

बाबा_नाईटशिफ्ट
एक बाप म्हणून लिहितो. नवऱ्याला "तू ठरव" म्हणून बाजूला होऊ देऊ नका. बाटली न देताही रात्रीचं अर्धं काम त्याचं होऊ शकतं, बाळ उचलून आणणं, डायपर, ढेकर काढणं, परत झोपवणं. आमच्याकडे बायको फक्त पाजायची, डोळे मिटूनच, बाकी माझं.

बाटली द्यायची झाली तर घाईने ओतायची नाही. बाळाला जवळपास बसतं धरायचं, बाटली आडवी, कमी प्रवाहाचं निप्पल, ते ओठाला लावून ती स्वतः तोंडात घेईपर्यंत थांबायचं, मधे मधे बाटली खाली करून श्वास घेऊ द्यायचा. पंधरा-वीस मिनिटं लागू देत. तिने तोंड फिरवलं की संपलं, उरलेलं संपवायचा आग्रह नको. असं दिलं की अंगावर प्यायची सवय सहसा मोडत नाही.

ऑफिसवाली_आई
मी दोन्ही केलं, सांगते. बाटली अगदी आत्ता नको, पकड सुधारू दे, साधारण चार आठवडे उलटले आणि पाजणं रुळलं की दिवसातून एकदा काढलेल्या दुधाची बाटली, तीही नवऱ्याच्या हातून, कारण तू समोर असलीस की तिला अंगावरचंच हवं असतं. जॉइन व्हायच्या आदल्या दिवशी पहिल्यांदा लावली तर बाळ घेत नाही आणि सगळ्यांचे हाल होतात.

सकाळच्या पहिल्या पाजण्यानंतर पंप कर, तेव्हा जास्त निघतं. काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत ४ तास, फ्रिजमध्ये ४ दिवस, डीप फ्रीझरमध्ये ६ महिन्यांपर्यंत उत्तम. फ्रिजच्या दारात ठेवू नकोस, आत मागे ठेव. ६०-६० मिलीच्या छोट्या पिशव्या, तारीख लिहून, म्हणजे वाया जात नाही. एकदा वितळलेलं परत गोठवायचं नाही. डोंगरभर साठा लागत नाही, १ ते ६ महिन्यांचं बाळ दिवसाला साधारण ७५० मिली पितं, त्यातलं तू नसतानाचं तेवढंच. ऑफिसात दर तीन तासांनी काढायचं, मीटिंग असली तरी, नाहीतर छाती गच्च होते आणि दूधही कमी होतं. काढायला बंद खोली मिळेल का हे आत्ताच विचारून ठेव.

नवीआई
सगळ्यांना इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल खूप थँक्यू, वाचताना रडूच आलं. शू मोजली, सात-आठ वेळा होते, शी तर प्रत्येक वेळी पाजलं की. म्हणजे पोट भरतंय तिचं. सासूबाईंना वजनाचा कागद दाखवला, त्या म्हणाल्या मग राहू दे. ताईंनी सांगितलं तसं जांभईएवढं तोंड उघडेपर्यंत थांबते आता, उजवीकडे लगेच जमलं, डावीकडे अजून दुखतंय पण कमी. सोमवारची सल्लागाराची वेळ घेतलीये.

ठरवलं असं की सध्या अंगावरच, आठवड्याभराने काढलेल्या दुधाची एक बाटली नवऱ्याकडे. फॉर्म्युलाची माहिती सेव्ह केली आहे, लागला तर लाजणार नाही. एक विचारायचं होतं, रात्री नऊला पाजून झोपले आणि एकची बाटली त्याने दिली तर दूध कमी होईल का? आणि फ्रिजमधलं दूध गरम कसं करायचं?

वॉर्डातली_ताई
वजन वाढतंय आणि दिवसात ८-१२ वेळा पाजणं होतंय तर एकदा चार-पाच तास झोपल्याने दूध जात नाही, खुशाल झोप. भरून ठणकायला लागलं तरच उठून थोडं मोकळं होईल इतकं काढ. झोप न मिळालेल्या आईला पान्हाही उशिरा फुटतो. आणि रडू येणं, उदास वाटणं दोन आठवड्यांच्या पुढे रोज राहत असेल तर सोमवारी तेही सांग, त्यावर उपचार आहेत आणि पाजत असताना चालणारी औषधंही आहेत.

गरम करायला बाटली कोमट पाण्याच्या भांड्यात ठेव, मायक्रोवेव्हमध्ये नाही, मधेच एखादा भाग चटका बसेल इतका तापतो. वर सायीचा थर दिसेल, खराब नाही ते, हलकेच गोल फिरवलं की मिसळतं. प्यायला सुरुवात केल्यावर उरलेलं दोन तासांत संपवायचं. आणि हो, डॉक्टरांनी व्हिटॅमिन डीचे थेंब दिलेत का? आईच्या दुधात ते कमी असतं, रोज ४०० युनिट लागतात. दिले नसतील तर विचारून घे.