टिपणे तयार असूनही प्रकरण लिहून होत नाही

प्रश्न
प्रबंधाचे एक प्रकरण लिहायचे आहे. वाचन झाले आहे, टिपणेही तयार आहेत; परंतु लिहायची वेळ आली की संदर्भांची यादी लावणे, जुने उतारे पुन्हा चाळणे अशी कामे अचानक निकडीची वाटू लागतात. नेटाने बसलोच, तर पहिला परिच्छेद लिहिण्या-खोडण्यात सगळी बैठक संपते. याला निव्वळ आळस म्हणावे का?

प्रतिसाद १
आळशी माणूस यादी लावत बसत नाही. फ्युशिया सिरॉइस आणि टिमथी पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये मांडले की, चालढकल हा वेळेच्या नियोजनापेक्षा मनःस्थिती सावरण्याचा प्रश्न आहे. काम समोर येताच होणारी घालमेल तेवढ्यापुरती टळावी, म्हणून आपण दुसरे काहीतरी हाती घेतो. त्यामुळे केवळ वेळापत्रक आखून भागत नाही. स्वतःला दूषणे दिल्याने तर घालमेल वाढतेच. विद्यार्थ्यांच्या २०१० मधील एका अभ्यासात, पहिल्या परीक्षेच्या वेळी केलेल्या चालढकलीबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केले, त्यांनी पुढच्या परीक्षेच्या वेळी ती कमी केली, असे आढळले.

प्रतिसाद २
वरील विवेचन टाळाटाळीला लागू पडते, पण परिच्छेद खोडत राहण्याचे कारण मला निराळे वाटते. लेखनाचे अभ्यासक माइक रोज यांनी १९८० मध्ये दहा विद्यार्थ्यांच्या लेखनपद्धतींविषयी लिहिले होते. त्यांपैकी पाच जण लिहिताना वारंवार अडत, आणि त्यांच्या मनात काही नियम अगदी घट्ट बसलेले होते: प्रत्येक वाक्य पहिल्याच झटक्यात निर्दोष उतरले पाहिजे, सुरुवातीलाच वाचकाची पकड घेतली पाहिजे, इत्यादी. न अडणाऱ्यांकडेही नियम होते. मात्र जमले नाही की ते नियम बाजूला ठेवत. आपला नियम बहुधा ‘आधी पहिला परिच्छेद, मग पुढचे’ असा असावा. जे प्रकरण अजून अस्तित्वातच नाही त्याची प्रस्तावना नेमकी कशी लिहिणार? ज्या पुराव्याबद्दल आपल्याला सर्वाधिक खात्री आहे, त्याच्या वर्णनापासून आरंभ करावा.

प्रतिसाद ३
दोन्ही मतांशी सहमत आहे. फक्त स्फूर्तीची वाट पाहू नये, एवढे जोडतो. रोज ठरलेल्या वेळी, थोडाच वेळ का होईना, बसावे आणि पुढचे वाक्य सुचत असतानाच थांबावे. मात्र लेखनच नव्हे, तर एरवीची कामेही दीर्घकाळ नकोशी वाटत असतील, तर डॉक्टरांशी बोलणे इष्ट.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. प्रस्तावना मागे ठेवली, तर प्रकरणाचा रोख सुटणार नाही का?

प्रतिसाद २ देणारा
रोखासाठी ‘या प्रकरणातून मला असे दाखवायचे आहे की...’ हे एकच वाक्य पूर्ण करून पानाच्या माथ्यावर ठेवा. ते वाचकासाठी नसल्यामुळे घासूनपुसून करण्याची गरज नाही, आणि मधले भाग लिहिताना ते चुकीचे ठरले तर बेलाशक बदला.