परिषदा प्रागला, अक्षरे आपली

ग्रंथपाल, सावंतवाडी

वेब, मार्कअप (मजकुराच्या भागांना यंत्रासाठी खुणा लावण्याची पद्धत) आणि दस्तऐवज तंत्रज्ञानाच्या येऊ घातलेल्या परिषदांची यादी मी येथे दिली, तेव्हा एका सदस्याने लिहिले की कोकणातल्या माणसाला तिचा काडीचाही उपयोग नाही. एक्सएमएल या मार्कअप भाषेत काम करणारे चारजण प्रागला जमतात, एकमेकांचे निबंध ऐकतात आणि घरी जातात. हे वाचून राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहितो. युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना संगणकासाठी क्रमांक देणाऱ्या मानकात, देवनागरी 1991 पासून आहे. तरीही 'स्त्री' या एका अक्षराचे युनिकोडच्या नियमाप्रमाणे स्, त् आणि री असे तीन तुकडे पडत, आणि जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम यायला 2023 ची 15.1 ही आवृत्ती उजाडावी लागली. इतका उशीर का झाला, याचे माझे उत्तर असे की, जिथे या विषयाची माणसे समोरासमोर बसतात तिथे आपण नसतो. 2011 साली जागतिक वेब परिषद हैदराबादला भरली आणि त्याच वर्षी टेक या अक्षरजुळणी प्रणालीची परिषद तिरुवनंतपुरमला, 2002 नंतर दुसऱ्यांदा. तिरुवनंतपुरम हेही समुद्रकाठचेच गाव आहे, मग आपल्याच किनाऱ्याने मागे का राहावे?

दर्यावर्दी, देवगड

ज्याच्या लिहिण्याचा आपल्याला राग आला तो मीच. ग्रंथपाल महोदय, आपलेच उदाहरण आपल्या विरुद्ध जाते. 'स्त्री'चा नियम कोणत्याही परिषदेत ठरला नाही, तो युनिकोडच्या तांत्रिक समितीत ठरला, आणि तिथे प्रस्ताव लेखी पाठवता येतो. त्यासाठी प्रागचे तिकीट काढावे लागत नाही. बालिसाज ही अमेरिकेतली मार्कअप परिषद 2020 मध्ये ऑनलाइन झाली, तेव्हा मी हौसेने बसलो होतो. अमेरिकेतली सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ. ऐन पावसाळ्यात, वीज येत-जात असताना, रात्री उशिरापर्यंत ऐकले, आणि त्या दिवसांत एकदाही कोणत्याही भारतीय लिपीचा उल्लेख माझ्या कानावर आला नाही. सकाळी बागेत माणसे लावायची असताना मी ती झोप का मोडावी?

छापखाना, वेंगुर्ला

दोघेही वरवरचे बोलत आहात. आमच्याकडे एका वार्षिक अंकाच्या बावीस वर्षांच्या फाइली जुन्या फॉन्टमध्ये पडून आहेत. त्यात पहिली वेलांटी अक्षराआधी टंकलेली आहे, कारण ती तशी दिसते; युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचेही तसेच आहे, फक्त उलट दिशेने. एका व्यावसायिकाने पैसे घेऊन फाइली बदलून दिल्या आणि 'कार्तिक'चा रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसला. दोन महिने मी आणि माझी पत्नी रात्रीच्या जेवणानंतर ओळीओळीवर पट्टी ठेवून तपासत होतो. तेव्हा कोणती परिषद मदतीला आली?

संगणक विद्यार्थिनी, रत्नागिरी

काका, रफार निदान चुकलेला दिसतो. 'किनाऱ्यावर' या शब्दातला अर्धा र पाहा. कोणी तो ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन लिहितो, तर कोणी साधा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे हे अक्षरे जोडणारे अदृश्य चिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही शब्द सारखेच दिसतात, पण यंत्राला ते वेगळे असतात, आणि युनिकोडचे सामान्यीकरणही (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एक करण्याची प्रक्रिया) त्यांना एक करत नाही. माझ्या प्रकल्पात मच्छीमारांच्या मुलाखती होत्या. 'किनाऱ्यावर' शोधले की निम्मे उतारे सापडतच नव्हते, आणि परीक्षकांनी शेरा मारला की सामग्री अपुरी आहे.

छापखाना, वेंगुर्ला

मग तुमच्या पिढीने सर्वांसाठी एकच कळफलक का ठरवला नाही? आम्ही खिळे जुळवत होतो तेव्हा अर्ध्या र चा खिळा वेगळा असे आणि त्यात दुमत नसे.

दर्यावर्दी, देवगड

हेच तर मी म्हणतो आहे. आधी घरातला 'ऱ्य' एक करा, मग जगाला शिकवायला जा.

ग्रंथपाल, सावंतवाडी

हा आरोप मला मान्य नाही आणि तो मला लागला आहे. जुलै 2021 च्या पुरात चिपळूणच्या वाचनालयातली भिजलेली पुस्तके हाताळायला मी गेलो होतो. चिखलाने पाने एकमेकांना चिकटली होती, सोडवायला गेले की अक्षरे बोटांवर येत होती. ज्या पुस्तकाची शोधता येणारी प्रत कुठेच नव्हती, ते पुस्तक तिथेच संपले. घर आवरून होईपर्यंत थांबण्याइतका वेळ आपल्याकडे नाही, दोन्ही कामे एकदमच करावी लागतील. समितीबद्दल आपले म्हणणे बरोबर आहे, तेवढे मी मागे घेतो. पण लेखी प्रस्तावाचे महत्त्व ओळखीच्या माणसाने समितीत सांगितले, तर फरक पडतो.

दर्यावर्दी, देवगड

पडत असेल. बालिसाजचे निबंध विनामूल्य वाचता येतात, हेही मी नाकारत नाही. पण तिथे निबंध टॅग, म्हणजे मार्कअपच्या खुणा, लावूनच द्यावा लागतो. तो लिहिणार कोण?

संगणक विद्यार्थिनी, रत्नागिरी

मी लिहीन. टीईआय या ग्रंथांच्या मार्कअपच्या मानकाची परिषदही दरवर्षी भरते आणि तिथे जुन्या मजकुराचेच काम चालते. मला फक्त खरा नमुना हवा आहे. काका, आपल्या बावीस अंकांपैकी एका अंकाची मूळ फाइल, बिघडलेली फाइल आणि आपण तपासलेली प्रत, अशा तिन्ही मिळतील का?

छापखाना, वेंगुर्ला

मिळतील, पण एका अटीवर. आमच्या जुन्या लेखकांनी जसे लिहिले तसेच राहिले पाहिजे. यंत्राच्या सोयीसाठी त्यांचे शुद्धलेखन कोणी सुधारू नये.

संगणक विद्यार्थिनी, रत्नागिरी

टीईआयमध्ये मूळ रूप आणि प्रमाणित रूप एकाच जागी शेजारी शेजारी नोंदवता येते. वाचकाला आपल्या लेखकाचा शब्द दिसेल, शोध प्रमाणित रूपावर चालेल. रविवारी सकाळच्या एसटीने मी वेंगुर्ल्याला येते.

दर्यावर्दी, देवगड

प्रागबद्दलचे माझे मत बदललेले नाही. माझ्याकडे आजोबांची बागेची मोडीतली वही आहे, तिचे लिप्यंतर मी स्वतः केले आहे. उपयोगी पडणार असेल तर तीही पाठवतो.