कोड येतो पण इंटरव्ह्यूत तोंडच उघडत नाही, काय करू?

जावावाला_पुणे
नमस्कार मंडळी, चार वर्षं जावा आणि स्प्रिंग बूटवर काम करतोय. गेल्या महिन्यात एका कंपनीची ऑनलाइन टेस्ट दिली, ९० मिनिटं, दोन प्रश्न, दोन्ही सुटले. पुढच्या राउंडला एलआरयू कॅश (जागा भरली की सगळ्यात जास्त वेळ न वापरलेली नोंद काढून टाकणारा साठा) लिहायला सांगितला, मी लगेच जावातला तयार लिंक्डहॅशमॅप घेतला तर म्हणाले तो न वापरता लिहा, आणि तिथून जो गप्प झालो तो वीस मिनिटं गप्पच. डोक्यात हॅशमॅप (किल्लीवरून लगेच नोंद शोधणारा) आणि डबली लिंक्ड लिस्ट (पुढेमागे दोन्हीकडे जोडलेली यादी) दोन्ही होतं हो, पण बोललोच नाही, वेळ संपली. दुसऱ्या दिवशी रिजेक्टचा मेल. आता बुधवारी दुसरीकडे आहे, त्यात सिस्टिम डिझाइन, म्हणजे एखाद्या मोठ्या सेवेचा आराखडा मांडणं, तेपण आहे. घरी सुटतं ते तिथे का अडतं?

संध्याकाळची_लोकल
मी इंटरव्ह्यू घेते म्हणून सांगते. नंतर फीडबॅक भरताना उमेदवाराने विचार कसा केला ते लिहावं लागतं, समोरचा गप्प बसला तर मी काय लिहू? "गेट आणि पुट (नोंद वाचणं आणि ठेवणं) दोन्ही ओ ऑफ वनमध्ये, म्हणजे नोंदी कितीही वाढल्या तरी तेवढ्याच वेळात हवंय, हॅशमॅपने शोधणं झालं पण सगळ्यात जास्त वेळ न वापरलेली एंट्री कळत नाही म्हणून लिस्ट" एवढं तुटक इंग्रजीत बोललात तरी पुढचा हिंट मी स्वतः देते. चुकलात तरी चालेल, बोला.

चहा_आणि_लॉग्स
ताईंशी सहमत. डिझाइनला मला यूआरएल शॉर्टनर, म्हणजे लांब लिंकची छोटी लिंक करून देणारी सेवा, आला होता. लगेच बोर्डवर चौकोन काढत सुटू नका, आधी विचारा लिंक रोज किती बनणार आणि किती वेळा उघडणार. इंग्रजीची लहानमोठी ५२ अक्षरं आणि १० अंक मिळून ६२, सात अक्षरी कोड घेतला तर साडेतीन लाख कोटींच्या वर लिंक बसतात, हा हिशोब मोठ्याने केला तिथेच गप्पा सुरू झाल्या. मग विचारलं, छोट्या लिंकवरून खऱ्या पत्त्यावर पाठवताना ३०१ (कायमचं वळवणं) की ३०२ (तात्पुरतं). ३०१ दिला तर ब्राउझर पत्ता लक्षात ठेवतो, पुढची क्लिक आपल्या सर्व्हरवर येईलच असं नाही, मग क्लिक मोजणार कशा? आणि नोटीस ९० दिवसांची असेल तर एचआरला पहिल्याच फोनवर सांगून टाका, शेवटी त्यावरून ऑफर अडते तेव्हा फार जीवाला लागतं.

जावावाला_पुणे
ताई, दादा, मनापासून आभार. काल रात्री बहिणीला समोर बसवून बोलत बोलत एलआरयू लिहिला. ती कॉमर्सची, तिने मधेच विचारलं दोन्हीकडे बाण कशाला, तर मधला नोड (यादीतला एक कप्पा) काढायचा तर त्याच्या मागचा लगेच हातात हवा, हे मी पहिल्यांदाच कुणाला तरी तोंडाने सांगितलं. ३५ मिनिटं लागली. आज परत बसतोय, यूआरएलवालं घेऊन.