फोर्ट डेव्हिससाठी एक तास पुरणार नाही

टेक्सासमधील फोर्ट डेव्हिस तासाभरात पाहून होते, असे काही जण म्हणतात. ते मला पटत नाही. किल्ला म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर तट-बुरूज येतात, पण येथे तट नव्हताच. सान अँटोनियो ते एल पासो या रस्त्यावरील प्रवाशांना कोमांची व अपाची टोळ्यांपासून संरक्षण मिळावे, म्हणून १८५४ मध्ये डोंगराच्या कुशीत वसवलेले ते लष्करी ठाणे होते. यादवी युद्धानंतर, १८६७ पासून, येथे कृष्णवर्णीय सैनिकांच्या पलटणी होत्या, आणि माझ्या मते या जागेचे खरे महत्त्व त्यांच्यामुळेच आहे. वेस्ट पॉइंट या अमेरिकी लष्करी अकादमीतून पदवी घेणारे पहिले कृष्णवर्णीय अधिकारी हेन्री फ्लिपर यांच्यावर १८८१ मध्ये येथेच लष्करी खटला चालला. अपहाराच्या आरोपातून ते सुटले, तरी अधिकाऱ्याला न शोभणाऱ्या वर्तनाचा ठपका ठेवून त्यांना बडतर्फ करण्यात आले. राष्ट्राध्यक्षांची माफी मिळाली ती १९९९ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर अनेक दशकांनी. त्यामुळे अधिकाऱ्यांच्या घरांची रांग सावकाश पाहावी. मुक्काम केल्यास रात्री जवळच्या मॅक्डोनाल्ड वेधशाळेतही जाता येईल.