एप्रिलमध्ये कोलंबिया गॉर्ज: आईबाबांना फुलं, पक्षी, धबधबे कुठे दाखवू?

फलटणकर

नमस्कार मंडळी. आम्ही अमेरिकेत, ओरेगनमधल्या हिल्सबरोला राहतो. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आईबाबा पहिल्यांदाच इकडे येताहेत. बाबांनी फलटणला शाळेत आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलं. रानात निघाले की दर दहा पावलांवर वाकून काहीतरी बघणार, हात लावणार, वास घेणार. आईचे गुडघे दुखतात, पण वाहतं पाणी तिला फार आवडतं. आम्ही स्वतः गॉर्जमध्ये, म्हणजे कोलंबिया नदीच्या खोल दरीत, फक्त मल्टनोमा धबधबा पाहिलाय. एका शनिवारी दोघांनाही आवडेल असं काय करता येईल? नदीकाठचं थोडं चालणं असावं, चढ कमी असावा.

भीमाकाठ

बाबांसाठी हा आठवडा अगदी नेमका आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. माझा आग्रह एकच: मल्टनोमाहून मागे फिरू नका. नदीच्या कडेने तसंच पूर्वेला रोवेनापर्यंत जा. इथले बरेचसे लोक धबधबा बघतात, फोटो काढतात आणि परततात, आणि गॉर्जचा निम्मा भाग बघायचाच राहतो.

कारण असं की कास्केड पर्वताची रांग ओलांडून समुद्राकडे जाताना कोलंबिया नदीने ती रांग आरपार कापली आहे. पॅसिफिकचा पाऊस पश्चिमेकडून येतो आणि डोंगरावर रिकामा होतो. कास्केड लॉक्सला वर्षाला ७५ इंचांच्या आसपास पाऊस पडतो आणि तिथून ४० मैलांवरच्या द डॅल्सला जेमतेम १४. बाबा फलटणचे आहेत, महाबळेश्वर आणि फलटण म्हटलं की पुढे काही सांगावं लागणार नाही. फरक इतकाच की इथे घाट चढावा लागत नाही, नदीकाठच्या सपाट रस्त्याने तासाभरात तुम्ही घाटमाथ्यावरून पर्जन्यछायेत पोचता. खडकही ओळखीचाच, काळा बेसॉल्ट. दख्खनचा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, इथला त्या मानाने तरुण, दीड-पावणेदोन कोटी वर्षांचा.

सकाळी आधी वाक्लेला धबधबा. आय-८४ महामार्गावर एक्झिट ४०. जाऊन-येऊन दोन मैल, चढ सौम्य. वाट टॅनर क्रीकच्या काठाने अरुंद दरीत शिरते. झाडांच्या जळक्या खोडांबद्दल बाबा विचारतीलच. २ सप्टेंबर २०१७ ला एका मुलाने ईगल क्रीकच्या दरीत फटाका टाकला आणि जवळजवळ ५० हजार एकर जंगल वणव्यात सापडलं. आता त्या खोडांच्या पायथ्याशी नेचे, कोवळी झुडपं आणि ट्रिलियम आहेत. ट्रिलियमला पानं तीन, पाकळ्या तीन. उमलताना पांढरं असतं आणि जुनं होताना गुलाबी-जांभळं होतं, तुम्ही जाल तेव्हा बरीचशी रंग बदललेली दिसतील. बी रुजल्यापासून पहिलं फूल यायला सातेक वर्षं लागतात, आणि बिया मुंग्या वाहून नेतात. हे बाबांना नक्की सांगा. खुडायचं मात्र एकही नाही.

ओढ्यात पाण्याबाहेर आलेल्या दगडांवर नजर ठेवा. डिपर नावाचा राखाडी, गुबगुबीत पक्षी तिथे असतो. आपला धोबी पक्षी नुसती शेपटी हलवतो, हा पायांत वाकून सगळं अंग वरखाली करतो, आणि मग सरळ वाहत्या पाण्यात बुडी मारून तळाचे किडे वेचतो. मला गॉर्जमधला हा सगळ्यात आवडता जीव. कितीही वेळ बघत बसले तरी पुरत नाही.

आईंना दोन मैल जड वाटले तर हॉर्सटेल धबधबा अगदी रस्त्याला लागून आहे. १७६ फुटांवरून पडतो, गाडीतून उतरलं की तुषार अंगावर.

दुपारी रोवेना क्रेस्ट. एक्झिट ६९ ला मोझिअरहून जुना हायवे धरा. माथ्यावर झाडं जवळजवळ संपलेली, गवताळ पठार, खाली नदी. पार्किंगपासूनच पिवळ्या बाल्समरूटचे आणि निळ्या-जांभळ्या लुपिनचे ताटवे सुरू होतात. बाल्समरूट सूर्यफुलाच्या कुळातलं. पठारावरची खालची वाट जवळपास सपाट आहे, आई रमतगमत हवं तितकं चालू शकतील. वरची, मॅकॉल पॉइंटची वाट चढाची आहे, ती बाबांना तुमच्यासोबत करू द्या. लुईस आणि क्लार्क हे शोधप्रवासी एप्रिल १८०६ मध्ये परतीच्या प्रवासात याच नदीकाठाने गेले, तेव्हाही हीच फुलं फुललेली असणार.

पाखरू

छान लिहिलंय ताई. पक्ष्यांची थोडी भर घालतो. रोवेनाला गाडीतून उतरल्याबरोबर बासरीसारखी शीळ ऐकू आली तर तो वेस्टर्न मेडोलार्क, ओरेगनचा राज्य गायकपक्षी. पिवळ्या छातीवर काळा व्ही, कुंपणाच्या खांबावर बसून गातो. वाटेत नदीवर ऑस्प्रे शोधा, काकांनी उजनीवर हिवाळ्यात पाहिला असेल तोच. इथे तो वसंतात घरटं करायला येतो. खांबांवर काटक्यांचा मोठा ढीग दिसला की दुर्बीण काढा.

फलटणकर

ताई, दादा, मनापासून आभार. बाबांना वाचून दाखवलं, त्यांनी वही काढून टिपणं घेतली. दोन शंका. हे धबधबे एवढे एकाच काठाला, एकाच रांगेत कसे, असं ते विचारताहेत. आणि बाबा सगळ्याला हात लावतात, तर तिथे काही धोक्याचं आहे का?

भीमाकाठ

बाबांचा प्रश्न फार चांगला आहे. शेवटच्या हिमयुगाच्या अखेरीस मोंटानात बर्फाच्या बांधाने अडलेलं एक प्रचंड सरोवर होतं. तो बांध पुन्हा पुन्हा फुटला आणि दर वेळी महापूर याच खिंडीतून गेला. त्यांनी दरीच्या भिंती तासून उभ्या केल्या. बाजूचे ओढे वरच लटकत राहिले, ते आता कड्यावरून थेट खाली पडतात. रोवेनाच्या पठारावरूनही ते पाणी गेलेलं आहे.

धोका म्हणजे पॉयझन ओक, रोवेनाला भरपूर. तीन-तीन पानांचे झुपके, एप्रिलमध्ये कोवळी, चकचकीत, कधी तांबूस. ते आंब्याच्या आणि बिब्ब्याच्या कुळातलं आहे, लागलं तर बिब्बा उतल्यासारखं अंग उततं आणि खाज आठवडे-आठवडे राहते. त्याचं तेल कपड्यांनाही चिकटतं. बाबांना शिक्षकासारखं सांगू नका, बिब्ब्याचा भाऊ आहे एवढंच सांगा, ते स्वतःच हात मागे घेतील. पूर्ण बाह्यांचा शर्ट, पँट मोज्यात खोचलेली, आणि घरी आल्यावर गोचिडीसाठी पोटऱ्या, गुडघ्यांमागची जागा, कंबर तपासा. वाट सोडून गवतात शिरू नका, फुलांसाठीही नाही.

वाक्लेलाला दिवसाचा पास ५ डॉलरचा, आणि पार्किंग लहान. आठ वाजायच्या आत तिथे पोचा. जेवण, स्वच्छतागृह सगळं हूड रिव्हरला उरकून घ्या, रोवेनाच्या माथ्यावर सोयींची अपेक्षा नको. तिथे वारा बोचतो, आईंना कानटोपी आणि जाकीट द्या. आणि सकाळी हिल्सबरोला पाऊस असला तरी बेत रद्द करू नका. हूड रिव्हर ओलांडलं की बहुतेकदा ऊन असतं. सकाळी पाऊस असलाच तर क्रम उलटा करा, आधी रोवेना, परतताना धबधबे.