रोमजवळचं फिउज्जी: आईबाबांना घेऊन जावं का?

गोदाकाठी: नमस्कार मंडळी, सप्टेंबरात आईबाबांना घेऊन रोमला चाललोय. बाबांना मुतखड्याचा जुना त्रास, आणि इथे गंगापूर रोडला एका ट्रॅव्हलवाल्याने त्यांच्या डोक्यात भरवलंय की फिउज्जीला गरम पाण्याची कुंडं आहेत, डुबकी मारली की खडा विरघळतो. खरंय का हे? एक दिवस तिकडे घालवावा का?

भटकी मावशी: अरे, ते काय वज्रेश्वरी आहे का! फिउज्जीचं पाणी गार असतं आणि ते प्यायचं असतं. लेकीकडे रोमला होते तेव्हा जाऊन आलेय. झाडीत दोन मोठ्या बागा आहेत, बोनिफाचो आठवा नावाच्या झऱ्यावर सकाळी प्यायचं आणि अँटिकोलानावर दुपारी, लोक ग्लास हातात घेऊन घोट घोट पीत फेऱ्या मारत असतात आणि मधूनमधून बाथरूमकडे पळतात. चव म्हणशील तर काहीच नाही, क्षार फार कमी. खालचं गाव म्हणजे नुसती हॉटेलं, मला आवडलं ते वरचं जुनं गाव, साधारण साडेसातशे मीटरवर, मध्ययुगातल्या दगडी गल्ल्या, इतक्या अरुंद की समोरून कोणी आलं तर अंग चोरावं लागतं. चढ आहे हो, आईंचे गुडघे बघून ठरव.

पंचवटीकर: तो बोनिफाचो म्हणजे पोप, शेजारच्या अनाग्नीचाच. त्यालाही खडे होते म्हणून हे पाणी मागवून प्यायचा. मायकेलँजेलोनेही १५४९ च्या पत्रात लिहिलंय की रोमपासून चाळीस मैलांवरच्या झऱ्याचं पाणी पितोय, ते खडा फोडतं, आता बरंय. तो झरा फिउज्जीचाच मानतात. म्हणजे बाबा एकटे नाहीत 😄

साधी गोळी: विरघळायचं सोडा. भरपूर पाणी प्यायलं की लघवी पातळ होते, बारीक खडे वाहून जायला मदत होते, बस. मोठा खडा असेल तर पाण्याने काही होत नाही. आणि हार्टचा किंवा किडनीचा प्रॉब्लेम असेल तर लिटरच्या लिटर ढोसायच्या आधी आपल्या डॉक्टरांना विचारा, तिथे पोचल्यावर नको.

गोदाकाठी: बरं झालं विचारलं. मावशी, ट्रेनने जमेल ना?

भटकी मावशी: अनाग्नी-फिउज्जी नावाचं स्टेशन आहे पण ते खाली दरीत, तिथून परत बस. त्यापेक्षा मेट्रो ए लाइनच्या टोकाला अनाग्निनाला उतर, तिथून कोत्रालची निळी बस थेट फिउज्जीला जाते. अनाग्निना रोममध्येच आहे, अनाग्नी लांबचं गाव, गुगल मॅपवर बरोबर टाक. तिकीट बसायच्या आधी काढून ठेव.