ज्वारीच्या दाण्यातील प्रथिने: चार भागांची बेरीज एकूण प्रथिनांशी का जुळत नाही?

कणीस (प्रश्न):
नमस्कार. पदव्युत्तर प्रकल्पासाठी मी ज्वारीच्या दाण्यातील प्रथिने ऑस्बोर्न पद्धतीने, म्हणजे वेगवेगळ्या द्रावकांत एकामागून एक उतरवून, वेगळी करत आहे. दाणे दळून हेक्झेनने मेद काढला आणि तेच पीठ क्रमाने पाणी, 0.5 मोलर मिठाचे द्रावण, 70 टक्के इथेनॉल व शेवटी सौम्य सोडियम हायड्रॉक्साइड यांत ढवळले. प्रत्येक टप्प्यानंतर सेंट्रिफ्यूज करून वरचा अर्क काढला आणि त्यातील प्रथिने ब्रॅडफर्ड पद्धतीने (प्रथिनाला चिकटणाऱ्या रंगावरून) मोजली. केल्डाल पद्धतीने (नत्र मोजून त्याला ठरावीक अंकाने गुणून) पिठात 10.4 टक्के प्रथिने येतात, पण चारही अर्कांची बेरीज 6.1 टक्क्यांपुढे जात नाही. त्यातही प्रोलॅमिन (इथेनॉलमध्ये उतरणारा भाग) 2.1 आणि ग्लुटेलिन (सोडियम हायड्रॉक्साइड या अल्कलीत उतरणारा भाग) 2.6 टक्के भरते, म्हणजे ज्वारीत मुख्य समजले जाणारे काफिरिन हे प्रोलॅमिन माझ्या नोंदवहीत ग्लुटेलिनच्याही खाली गेले आहे. गव्हाच्या पिठात एवढी तूट आली नव्हती. नळीच्या तळाशी उरणारा चोथा तांबूस दिसतो, हेही सांगून ठेवते. चूक नेमकी कुठे होत असावी?

भ्रूणपोष:
आपल्या हातून चूक झाली आहे असे मला वाटत नाही. गव्हाला मानवणारी पद्धत आपण ज्वारीला जशीच्या तशी लावली आहे, इतकेच. अल्ब्युमिन (पाण्यात उतरणारे), ग्लोब्युलिन (मिठाच्या पाण्यात उतरणारे), प्रोलॅमिन आणि ग्लुटेलिन ही प्रथिनांची कुळे नसून प्रथिन कोणत्या द्रावकात उतरले याच्या नोंदी आहेत, ही गोष्ट प्रयोगशाळेत सर्रास विसरली जाते. तांदळाचे उदाहरण घ्या: त्याचे मुख्य प्रथिन ग्लुटेलिन म्हणून नोंदले जाते, परंतु रचनेने ते कडधान्यांतील ग्लोब्युलिनचे जवळचे नातलग आहे, फक्त मिठाच्या पाण्यात विरघळत नाही.

ज्वारीत काफिरिन हे भ्रूणपोषातील (दाण्यातील अन्न साठवणाऱ्या भागातील) पेशींमध्ये बारीक गोल कणांच्या रूपात साठवलेले असते. या कणांच्या बाहेरच्या थरात बीटा आणि गॅमा काफिरिन अधिक असते, त्यांत सिस्टीन या गंधकयुक्त अमिनो आम्लाचे प्रमाण जास्त असल्यामुळे डायसल्फाइड बंधांचे (दोन गंधक अणूंमधील बंधांचे) घट्ट जाळे तयार होते, आणि आतले अल्फा काफिरिन, जे प्रमाणाने सर्वांत जास्त असते, त्या जाळ्याच्या आड राहते. नुसत्या इथेनॉलला हे बंध तोडता येत नाहीत. मग तेच प्रथिन काही अंशी अल्कलीत उतरते आणि आपण त्याला ग्लुटेलिन म्हणतो; उरलेले चोथ्यात जाते. म्हणून तिसऱ्या टप्प्यात 60 टक्के टर्शरी ब्युटॅनॉल घ्या आणि त्यात बंध तोडणारे मर्कॅप्टोइथेनॉल मिसळा. त्याची दुर्गंधी असह्य असते आणि ते विषारीही आहे, त्यामुळे हे काम फ्यूम हूडमध्येच (वाफा बाहेर खेचणाऱ्या कपाटात) करावे.

चोथ्याच्या तांबूस रंगावरून दाण्यात टॅनिन (प्रथिनांना चिकटणारे तुरट द्रव्य) असण्याची शंका येते. टॅनिन प्रोलीन या अमिनो आम्लाने युक्त प्रथिनांना धरून ठेवते, आणि काफिरिनमध्ये प्रोलीन भरपूर असते. टॅनिन शोषण्यासाठी पॉलिव्हिनिलपायरोलिडोन वापरतात, पण त्यात स्वतःचा नत्र असल्याने चोथ्याची केल्डाल मोजणी फसते. निदान पहिल्या फेरीत टॅनिन नसलेला पांढरा दाणा घेणे शहाणपणाचे ठरेल.

नत्रमापी:
वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु तुटीचा एक भाग मोजणीतूनच आलेला असावा. ब्रॅडफर्डचा रंग मुख्यतः आर्जिनिन आणि काही प्रमाणात लायसिन या अमिनो आम्लांना चिकटतो. काफिरिनमध्ये लायसिन जवळजवळ नसतेच आणि आर्जिनिनही कमी असते, त्यामुळे गाईच्या सीरम अल्ब्युमिनच्या प्रमाणरेषेवर ते नेहमी कमी भरते. पीठ एका फूटपट्टीने आणि अर्क दुसऱ्या फूटपट्टीने मोजून बेरीज जुळण्याची अपेक्षा धरणे बरोबर नाही. चारही अर्क आणि चोथा केल्डालनेच मोजा, आणि नत्राला गुणायचा अंक (6.25 किंवा आपण ठरवाल तो) सर्वत्र एकच ठेवा. ट्रिस बफर (आम्लता स्थिर ठेवणारे नत्रयुक्त द्रावण) कुठेही वापरू नका, कारण त्याचा नत्र प्रथिन म्हणून मोजला जाईल. पाण्याच्या अर्कात सुटी अमिनो आम्ले आणि लहान पेप्टाइडेही येतात. अर्क पाण्यात डायलिसिसला (फक्त लहान रेणू बाहेर सोडणाऱ्या पडद्याच्या पिशवीत) ठेवला तर ती निघून जातात.

कणीस:
दोघांचेही आभार. पांढरा दाणा घेऊन सर्व मोजणी केल्डालने केली. आधी पिठात 10.1 टक्के प्रथिने मिळाली. अर्कांपैकी पाणी व मिठाचे मिळून 1.6, ब्युटॅनॉल आणि मर्कॅप्टोइथेनॉलचा 5.7, अल्कलीचा 1.5 आणि चोथ्यात 0.8 टक्के. म्हणजे 0.5 टक्क्याचाच हिशेब लागत नाही, आणि तो डायलिसिसमध्ये गेला असावा. काफिरिनच्या अर्काचे एसडीएस जेल (प्रथिने रेणूच्या आकारानुसार पट्ट्यांत वेगळी करणारी चाचणी) चालवले, तेव्हा 23 ते 27 किलोडाल्टन (रेणूच्या वजनाचे एकक) यांच्या दरम्यान दोन ठळक पट्ट्या आल्या. अल्कलीच्या अर्कात मात्र त्याच जागी एक फिकट पट्टी दिसते. ते काफिरिनच समजावे का?

भ्रूणपोष:
दोन ठळक पट्ट्या अल्फा काफिरिनच्या असाव्यात. फिकट पट्टीवरून लगेच निष्कर्ष काढू नये, कारण नळीत मागे राहिलेल्या थोड्याशा द्रावकानेही अशी पट्टी उमटते. तिसरा टप्पा त्याच द्रावकाने आणखी दोनदा करा, दर वेळी तळाचा गोळा चमच्याने मोडून नीट ढवळा आणि मग अल्कलीकडे जा. पट्टी नाहीशी झाली तर ती केवळ मागे राहिलेल्या अर्काची होती. राहिली तर अल्कलीतही काफिरिन उतरते आहे असे लिहावे, आणि त्या भागाला ग्लुटेलिन न म्हणता "अल्कलीत विरघळणारा भाग" म्हणावे.